जिभाऊंची चौथी गोळी

३० जानेवारी २०२३, सकाळचे अकरा. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या पटांगणात गांधीजींच्या पुण्यतिथीचं दोन मिनिटांचं मौन झालं, मुलं खाली बसली आणि पाहुणे म्हणून बोलावलेले जिभाऊ बोलायला उभे राहिले. १९३६ सालच्या फैजपूरच्या काँग्रेसला त्यांचे वडील बैलगाडी जुंपून गेले होते आणि गांधीजींना लांबून पाहून आले होते, ती हकिगत त्यांनी सांगितली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोरांनो, तुमच्या पुस्तकात तीन गोळ्या लिहिल्यात. लागल्या चार. चौथी कोणी झाडली, ते आजवर दडवून ठेवलंय." पटांगण चिडीचूप झालं. मौनाच्या दोन मिनिटांतही एवढी शांतता नव्हती.

मी इतिहास शिकवते. समोरच बसले होते, पण बोलले नाही. पंचाहत्तरीच्या माणसाला मुलांसमोर कसं खोडायचं, हे एक. आणि खोडलं तर मुलांच्या डोक्यात नेमकं तेच पक्कं बसेल, हे दुसरं. पुढे पंधरा दिवसांनी नववीची छोटी चाचणी घेतली, तेव्हा एकामागून एक उत्तरपत्रिकांत चार गोळ्या निघाल्या. एका मुलीनं उत्तराखाली लिहिलं होतं, "पुस्तकात तीन आहेत. जिभाऊ चार म्हणतात. मॅडम, खरं कोण?"

त्या प्रश्नापासून हे प्रकरण सुरू झालं. पुढचं वर्षभर मी अधूनमधून जिभाऊंच्या ओट्यावर जाऊन बसले. काय घडलं, मी कुठे चुकले आणि मला काय कळलं, ते इथे मांडते आहे. त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव घालू नको एवढंच त्यांनी सांगितलं.

माणूस

राजकीय हत्यांमागे गुप्त हात शोधणारा माणूस म्हटलं की अर्धशिक्षित, भोळा, मोबाईलवर आलेलं सगळं खरं मानणारा असा कुणीतरी आपल्या डोळ्यांपुढे येतो. जिभाऊ तसे नाहीत. १९४८ चा जन्म, जुनी मॅट्रिक, कोरडवाहू कापसाची शेती, एकदा सरपंचपद. गावात त्यांच्याइतकं वाचलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात चाळीस वर्षांची कात्रणं डकवलेली आहेत: ताश्कंदचा शास्त्रीजींचा मृत्यू, समस्तीपूरचा बॉम्बस्फोट, ३१ ऑक्टोबर १९८४ ची इंदिरा गांधींची हत्या, श्रीपेरुंबुदूरची राजीव गांधींची. मोबाईल त्यांच्या हातात अलीकडे आला. वही आधीची आहे. म्हणून सगळा दोष फोनवर टाकणं मला पटत नाही. फोननं त्या वहीला पानं जोडली, एवढंच.

वहीतली सगळी पानं चुकीची नाहीत, हेही सांगायला हवं. शास्त्रीजी ११ जानेवारी १९६६ च्या पहाटे परक्या देशात गेले आणि त्यांचं शवविच्छेदन झालं नाही. घरच्यांनीच शंका घेतली. रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांच्या समस्तीपूरच्या सभेत २ जानेवारी १९७५ रोजी स्फोट झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले आणि खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०१४ मध्ये. न्यायाला चाळीस वर्षं लागत असतील तर मधल्या काळात माणसानं काय मानायचं? ती जागा कुणीतरी भरणारच. जिभाऊंनी हे मला विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

त्यांच्या संशयाचं दुसरं मूळ मला बाजारात सापडलं. जिभाऊंनी उभं आयुष्य बैलबाजार पाहिला. हेडे, म्हणजे गुरांचे दलाल, रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. वरून ऐकू येतं ते नुसतं ओरडणं. खेडा खरेदीला आलेला व्यापारी तोंडानं भाव चांगला सांगतो आणि काट्यात मारतो. ते म्हणाले, "सौदा रुमालना खाले व्हस. वर ऱ्हास ती नुस्ती बोंब." जो माणूस पन्नास वर्षं असाच विकत आणि विकला जात आला, त्याला दिल्लीचा जाहीर निकाल म्हणजे वरची बोंब वाटली तर त्याला वेडा कसं म्हणू? त्याच्या अनुभवात जाहीर गोष्ट कधी खरी निघालीच नव्हती.

पहिली संध्याकाळ, आणि माझी चूक

फेब्रुवारीत मी कागद घेऊन गेले. चौथ्या गोळीची गोष्ट कुठून आली ते मी आधी शोधलं होतं. हत्येच्या दुसऱ्या दिवशीच्या काही वर्तमानपत्रांत चार गोळ्यांचा उल्लेख होता. त्याच्या आधारावर २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. हत्येत आणखी एक मारेकरी असावा आणि ब्रिटिशांच्या एका गुप्त दलाचा त्यात हात असावा, असं तिचं म्हणणं होतं. न्यायालयानं ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र म्हणून जुनी कागदपत्रं तपासायला सांगितलं. त्यांनी फेरतपासाची गरज नसल्याचं कळवलं आणि २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली. नथुरामच्या बेरेटा पिस्तुलातून तीन गोळ्या सुटल्या, हेच कायम राहिलं.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. जिभाऊंनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "कागद कोन लिखस? सरकारच ना?"

मग मी त्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांचं सांगितलं. गडबडीत आवाज मोजताना माणूस चुकतो. आपल्याच गावात लग्नात सुतळी बॉम्ब किती वाजले यावर दोन भाऊ भांडतात. ते हसले आणि म्हणाले, "मंग कोर्टमा इतले मोठे वकील कसाले गयात?" याचिका फेटाळली गेली, हा त्यांच्या दृष्टीनं मुद्दाच नव्हता. ती दाखल झाली, म्हणजे काहीतरी असणार. मी जितकी चढत गेले तितके ते घट्ट होत गेले. शेवटी आक्कांनी चहा आणून ठेवला आणि म्हणाल्या, "बाई, आते ऱ्हाऊ द्या." मी घरी आले ती हरल्यासारखी.

चूक उशिरा लक्षात आली. मी गोळ्या मोजत बसले होते आणि जिभाऊ गोळ्या मोजतच नव्हते. चौथी गोळी त्यांना कशासाठी हवी होती, हे मी विचारलंच नव्हतं.

चौथी गोळी कशासाठी

दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागद नेले नाहीत. शेतात वांगी भाजायला लावली होती, भरीत आणि कळण्याच्या भाकरीचा बेत होता. कसलीही चर्चा न करता मी विचारलं, जिभाऊ, तीनच गोळ्या असत्या तर तुमचं काय बिघडलं असतं?

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतला मोठा मानूस. इंग्रज त्याले घाबरे. आनि पुन्याना एक पेपरवाला त्याले मारी टाकस? त्याना मांगे कोनीतरी मोठा व्हताच."

हे वजनाचं गणित आहे. मोठ्या मरणाला मोठं कारण हवं. माणसाच्या मनाची ही सवय संशोधकांनी तपासूनही पाहिली आहे. १९७९ साली मकॉली आणि जॅक्स या दोघांनी लोकांपुढे राष्ट्राध्यक्षावरच्या हल्ल्याच्या हकिगती ठेवल्या. गोळी चुकली असं सांगितलं की लोक एकट्याचं काम मानत, राष्ट्राध्यक्ष मेला असं सांगितलं की मागे कट असावा असं त्यांना अधिक वाटे. केनेडींचंच घ्या. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वॉरन आयोगानं १९६४ साली मारेकरी ओस्वाल्ड एकटा होता असा निष्कर्ष दिला. तरी गॅलपच्या पाहणीत १९७६ आणि २००१ या दोन्ही साली ८१ टक्के अमेरिकन कटाच्या बाजूचे होते. त्यात भर अशी, की १९७९ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीनंच ध्वनिमुद्रणाच्या आधारावर 'बहुधा कट असावा' असं म्हटलं आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञांच्या गटानं तो आधारच काढून घेतला. लोकांनी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं. सरकारी संस्था स्वतःच दोन तोंडांनी बोलल्या तर लोकांना एकट्यानं दोष देता येत नाही.

पण मकॉली-जॅक्स यांनी लोकांना मूर्ख ठरवलं नव्हतं. टोळी केली तर हल्ला यशस्वी होण्याची शक्यता वाढते, म्हणून लोकांचा अंदाज तर्काला धरून आहे, असं त्यांचं म्हणणं. इथे मला गांधीहत्येतली एक गोष्ट आठवली आणि ती मी जिभाऊंना सांगितली. टोळी होतीच. २० जानेवारी १९४८ च्या बेतात सात जण होते: पुण्याच्या दैनिकाचा संपादक नथुराम, आधी अहमदनगरला शिक्षक असलेला त्याचा सहकारी नारायण आपटे, अहमदनगरला लॉज चालवणारा विष्णू करकरे, खडकीच्या लष्करी डेपोत स्टोअरकीपर असलेला नथुरामचा धाकटा भाऊ गोपाळ, पुण्यात शस्त्रं विकणारा दिगंबर बडगे, त्याचा नोकर शंकर, आणि पंजाबातून आलेला निर्वासित मदनलाल. सात माणसं, बॉम्ब, पिस्तुलं. आणि तो बेत फसला. बडगेचा ऐन वेळी धीर सुटला, भिंतीपाशी स्फोट झाला, कुणाला इजा झाली नाही, मदनलाल जागीच पकडला गेला. दहा दिवसांनी जे घडलं ते एका हातानं, एका पिस्तुलानं.

जिभाऊ ताठ बसले. कट कोर्टात सिद्ध झाला आहे, हे त्यांना माहीत होतं; पण ही माणसं कोण होती, काय कामं करत होती, हे त्यांनी असं एका ओळीत कधी ऐकलं नव्हतं. ते पुटपुटले, "लॉजवाला. दुकानदार." आणि मग जे म्हणाले ते मला आजवर सोडत नाही.

"बाई, हे तं आपलाच लोके शेत. आपला मानूस आसं करस नही."

चौथी गोळी त्यासाठी हवी होती.

ध चा मा

त्या रात्री घरी जाताना मला धुळे आठवलं. बी.ए.ला असताना सर आम्हाला राजवाडे संशोधन मंडळात घेऊन गेले होते. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरून दप्तरं गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच गेले. त्यांच्या नावाच्या त्या वास्तूत मोडीच्या कागदांपुढे सरांनी आम्हाला विचारलं होतं, "ध चा मा कुणी केला?" आम्ही एका सुरात ओरडलो, आनंदीबाईनं! सर म्हणाले, "कागद दाखवा."

गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. राघोबादादांनी 'धरावे' असं लिहिलं होतं आणि आनंदीबाईनं त्याचं 'मारावे' केलं. ही गोष्ट सांगताना कुणी ते पत्र दाखवत नाही, आणि कुणी मागतही नाही. या गोष्टीनं काय साधलं ते नीट पाहिलं तर ती का टिकली ते कळतं. गादीसाठी पुतण्यावर गारदी घालणारा काका खरा होता. रामशास्त्र्यांनी त्यालाच दोषी धरलं. गोष्टीत मात्र त्या काकानं फक्त 'धरावे' लिहिलं. खुनाचा भार एका अक्षरावर आणि एका बाईवर गेला. खऱ्या कटाच्या वर एक खोटा कट चढवला की खऱ्यातला माणूस हलका होतो.

चौथ्या गोळीचं कामही तेच. तिनं कटाचा शोध लागत नाही. सापडलेला कट तिनं झाकला जातो. पुण्या-नगरची, आपली भाषा बोलणारी, आपल्यासारखीच पेपर वाचणारी माणसं मागे सरतात आणि पुढे येतो एक गोरा, बिनचेहऱ्याचा, दूरचा मारेकरी. त्याच्याशी आपलं नातं नाही. त्याच्या कृत्याची आपल्याला लाज वाटायचं कारण नाही. कटकथा मानणारी माणसं फार संशयी असतात असं मी समजत होते. जिभाऊंच्या बाबतीत उलट दिसलं: संशय जिथे जायला हवा होता तिथे तो जात नव्हता, म्हणून तो लंडनपर्यंत गेला.

सगळ्याच कटकथांना हे लागू पडतं असं मी म्हणत नाही. हे एका माणसाचं प्रकरण आहे. पण महाराष्ट्रात गांधीहत्येबद्दल जे जे काही बोललं जातं त्यात ही लाज मला पुन्हा पुन्हा दिसते.

एक फरकही इथेच नोंदवते, कारण जिभाऊंनी तो मला विचारला. सावरकर त्या खटल्यात निर्दोष सुटले, कारण माफीचा साक्षीदार झालेल्या बडगेच्या जबानीला त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र पुरावा मिळाला नाही. पुढे न्यायमूर्ती कपूर यांच्या आयोगाच्या १९६९ च्या अहवालानं तो प्रश्न पुन्हा उकरला आणि त्यावरचा वाद संपलेला नाही. मी म्हटलं, हा वाद आहे, कारण दोन्ही बाजूंना कागद आहेत, साक्षी आहेत, वाचून भांडता येतं. चौथ्या गोळीपाशी वाचायलाच काही नाही. जिभाऊ म्हणाले, "मंग ते भांडन चालू द्या." मलाही तेच वाटतं.

कट किती गळतो

नंतरच्या दोन-तीन भेटींत मी फक्त एकच सूत्र धरलं: गुपित किती जणांना माहीत होतं. रुमालाखालचा सौदा म्हणता ना, मग सांगा, बैलबाजारातला खरा भाव संध्याकाळपर्यंत गावाला कळतो की नाही? जिभाऊ हसले. "कळस. घरमाच कळस."

गांधीहत्येचा कट असाच गळका होता. मदनलालनं मुंबईच्या रुइया महाविद्यालयातले प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांच्यापाशी आधीच बढाई मारली होती. २० तारखेचा स्फोट वाचून जैन हादरले आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना भेटून सगळं सांगून आले. इकडे दिल्लीत मदनलाल पोलिसांच्या ताब्यात होता आणि साथीदारांबद्दल बोलत होता, त्यांतला एक मराठी पत्राचा संपादक आहे, इथपर्यंत. मधे दहा दिवस होते. दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांचा मेळ बसला नाही. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ च्या निकालात पोलिसांच्या या ढिलाईवर बोट ठेवलं आहे. १९६४ साली शिक्षा भोगून सुटलेल्यांसाठी पुण्यात कार्यक्रम झाला, तिथे लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी आपल्याला बेत आधी कळला होता असं सांगितलं. देशभर गदारोळ उठला. कपूर आयोग नेमला गेला तो त्यातूनच.

हे ऐकताना जिभाऊंचा चेहरा बदलत गेला. चौथी गोळी ऐकताना माणूस सरसावून बसतो. हे ऐकताना ते खचले.

"म्हंजे त्यास्ले म्हाईत व्हतं?"

बऱ्याच जणांना थोडं थोडं माहीत होतं, मी म्हटलं.

"म्हाईत व्हतं, आनि गप बठनात?"

सगळे गप्प बसले नाहीत. जैन गेले होते सांगायला. पण कुणी पूर्ण ऐकलं नाही, कुणी ऐकून पुढे पाठवलं आणि ते पोचलं नाही, कुणाला वाटलं बढाई असेल. लपवलेल्या कटापेक्षा हे ऐकणं अवघड जातं. लपवलेला कट असेल तर आपण काय करणार, आपल्याला कळलंच नव्हतं. इथे कळलं होतं.

मी हे का सोडून दिलं नाही

घरच्यांनी मला विचारलं, म्हातारा माणूस आहे, चार गोळ्या म्हणतो तर म्हणू दे, कुणाचं काय जातं? याचं उत्तर आमच्याच भागात आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे, मुलं पळवणारी टोळी आली आहे या फोनवरून पसरलेल्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना जमावानं ठेचून मारलं. पाचही माणसं भिक्षा मागायला आली होती. त्या पोस्ट पुढे ढकलणारे सगळे क्रूर नव्हते. पुष्कळांना वाटलं असेल, आपण गावाला सावध करतो आहोत.

आणि १९४८ सालीही हे घडलं आहे. त्या संध्याकाळी मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर काय झालं असतं, याची सरकारला धास्ती होती. म्हणून मारेकरी हिंदू आहे हे रेडिओवरून स्पष्ट सांगण्यात आलं. एक खरं वाक्य वेळेवर बोललं गेलं आणि कितीतरी जीव वाचले असावेत. पण नंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी, मारेकऱ्याची जात पाहून, काही संबंध नसलेल्या ब्राह्मण कुटुंबांची घरं जाळली गेली. सात माणसांचा गुन्हा एका जातीवर पसरवणं, हीही एक कटकथाच होती. ती ऐकणाऱ्यांनी हातात पेटते पलिते घेतले.

शाळेत मुलांसमोर बोललेलं वाक्य कुठपर्यंत जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून मी जात राहिले.

साने गुरुजी

जिभाऊंचं मन कशानं वळलं ते मी खात्रीनं सांगू शकत नाही. एक प्रसंग मात्र सांगते. जूनमध्ये, ११ तारखेला, साने गुरुजींच्या पुण्यतिथीला ते अमळनेरला आले होते. गुरुजी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, त्यामुळे आमच्याकडे हा दिवस घरचा असतो. परत येताना बसमध्ये मी त्यांना म्हटलं, गांधीहत्येनंतर गुरुजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं होतं, माहीत आहे ना?

"म्हाईत शे." थोडं थांबून, "पन का केलं व्हतं?"

मी म्हटलं, गोळी त्यांनी झाडली नव्हती. त्यांना त्या कटाची गंधवार्ताही नव्हती. पण मारणारा आपल्या महाराष्ट्रातला निघाला, हे त्यांना सहन झालं नाही. आपला माणूस असं करणार नाही, असं गुरुजी म्हणाले नाहीत. आपल्या माणसानं हे केलं, म्हणून ते उपाशी राहिले.

पारोळा रोडला गाडी थांबली, माणसं चढली-उतरली. जिभाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. गावापर्यंत बोलले नाहीत.

पुढे कधीतरी वही पाहताना मला दिसलं की चौथ्या गोळीचं कात्रण त्यांनी काढलेलं नव्हतं. त्याच्या शेजारी, पेन्सिलीनं, त्यांच्या जुन्या वळणदार अक्षरात सात नावं लिहिलेली होती.

बाकीची पानं जशीच्या तशी आहेत. शास्त्रीजींबद्दल त्यांचं मत अजिबात हललेलं नाही. ताश्कंदला विष दिलं असंही ते मानतात आणि शास्त्रीजींना दुसऱ्याच कुणाच्या सांगण्यावरून आजारी पडू दिलं गेलं असंही मानतात, एकाच वेळी. केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली असंच दाखवलं होतं: राजकन्या डायनाचा खून झाला हे ज्यांना जितकं अधिक पटे, तितकं ती लपून जिवंत असेल हेही त्यांना अधिक पटे. दोन गोष्टी एकमेकींना खोडतात याचं त्यांना काही वाटत नाही, कारण 'अधिकारी सांगतात ते खोटं' या एका गोष्टीवर दोन्ही उभ्या असतात. शास्त्रीजींच्या बाबतीत मी वाद घालत नाही. तिथे सरकारनं कागद मोकळे करावेत असं मलाही वाटतं.

वर्ग

नववीच्या त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. मी तीन की चार हे सांगून विषय संपवला नाही. वर्गाला सात नावं दिली, त्यांचे उद्योग दिले आणि २० ते ३० जानेवारी या दहा दिवसांचा तक्ता फळ्यावर काढायला लावला: कुणाला काय कळलं, त्यानं कुणाला सांगितलं, पुढे काय झालं. दोन तास गेले. मुलांनी जैन सरांच्या नावाला खडूनं गोल केला. एक मुलगा म्हणाला, मॅडम, ते एकटेच नीट वागले. मागून एक जण म्हणाला, त्यांनी दिल्लीला पण जायला पाहिजे होतं. मग वर्गात भांडण लागलं आणि मी ते लागू दिलं. तीन की चार हे कुणीच विचारलं नाही.

त्या मुलीनं मात्र तास संपल्यावर दारात थांबून विचारलं, "मॅडम, तुम्ही तिथे असत्या आणि तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं?" मला ३० जानेवारीचं पटांगण आठवलं. समोर बसून मी गप्प राहिले होते. तिला म्हटलं, ठाऊक नाही.

३० जानेवारी २०२४ ला मुख्याध्यापकांनी पुन्हा जिभाऊंनाच बोलावलं. मी नको म्हणाले नाही, पण छातीत धडधड होती. फैजपूरची बैलगाडी आली, वडील आले. मग त्यांनी मुंबईच्या एका प्राध्यापकाची गोष्ट सांगितली. तो माणूस बातमी घेऊन मंत्र्याकडे गेला, आणि पुढच्या नऊ दिवसांत काय काय झालं नाही. तारखा त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून आणल्या होत्या. चष्मा चढवून त्यातून वाचत होते. शेवटी त्यांनी सात नावं घेतली, एकेक करून, गावासकट.

मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. "जिभाऊ, आनि चौथी गोळी?"

जिभाऊंनी चिठ्ठीची घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"भो, ती मी मांगला साले सांगी व्हती," ते म्हणाले. "तिना कागद माले अजून कोनी दाखाडा नही."